पाखरांसाठी केलेले गोळे

अंबिका परब लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर, अगदी मागच्या टोकाच्या खोलीत राहायची. एका गिरणीच्या वाइंडिंग खात्यात ती कामाला होती. नवराही गिरणीतलाच, छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मूलबाळ नाही. कणकवलीकडे दिराचं घर होतं, पण तिथून तिला ‘ये’ म्हणणारं कोणी नव्हतं आणि तिलाही जायची हौस नव्हती. एवढीच तिची हकिगत. थंडीत ती पाखरांसाठी खाणं करायची हे नसतं, तर तिच्याबद्दल लिहायला मी काही बसले नसते.

आता मुंबईची थंडी ती काय! कोणी मफलर गुंडाळून दुधाच्या रांगेत उभं राहिलं की आम्ही म्हणायचो, थंडी आली. पण अंबिकेचा हिशोब वेगळा होता. मार्गशीर्ष लागला की तिच्या गावाकडे भात झोडून झालेलं असायचं आणि खळ्यात सांडलेल्या दाण्यांवर पाखरं महिना-दीड महिना जगायची. इथे लालबागला खळं कुठलं?

“हंय खळां खंय असा? मग पाखरांनी खावचा काय, कापूस?” ती मला विचारायची.

मी लग्न होऊन गिरगावातून आले होते. खळं मी चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी आपली मान डोलवायची.

तिची करण्याची रीत ठरलेली होती. तांदळाची कणी मऊ गिच्च शिजवायची. नारळाचा रस काढून उरलेला चोथा आठवडाभर साठवून, सुपात वाळवून ठेवलेला असायचा. तो आणि खमंग भाजलेलं नाचणीचं पीठ त्या कोमट कणीत मळायचं. मूठभर तीळ, बांधण्यापुरता गूळ. मीठ नाही, पाखरांना मीठ बाधतं असं तिचं म्हणणं होतं. मग तो तपकिरी गोळा अर्ध्या करवंटीत दाबून बसवायचा आणि करवंटी काथ्याने मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. भिंतीपलीकडे गिरणीचं गोदाम होतं आणि अलीकडे आमचा नळ. करवंटी टांगायची ती कावळ्यांमुळे. कावळा धटिंगण, त्याला हलत्या करवंटीवर बसता येत नाही. चिमणी, बुलबुल लटकून खातात आणि खाली पडेल ते साळुंक्या टिपतात. थंडीपुरता एक शेपूट हलवणारा धोबी पक्षी यायचा, तो करवंटीकडे बघायचाही नाही. नळाच्या ओलीत किडे वेचत फिरायचा. त्याच्यावर अंबिकेचा फार राग. एवढं करून घातलेलं सोडून हा किडे खातो म्हणजे काय!

या सगळ्याला चाळीत नाक मुरडणारे पुष्कळ होते. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाखरं घाण करतात ही तक्रार तर खरीच होती, माझ्याच दोन चादरी त्यात गेल्या. पण अंबिकेच्या बाजूने भांडायला दुर्गा राणे उभी असायची.

दुर्गा तिच्या शेजारच्या खोलीतली. नवरा भिवा गिरणीत, मुलगा जयवंत एकुलता एक. या दोघी बायकांची खोली एकच आहे आणि मधली भिंत कोणीतरी चुकून घातलीय असं वाटावं, इतकं त्यांचं येणं-जाणं होतं. जयवंत लहान असताना दुर्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याला अंबिकेनेच सांभाळलं होतं. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून मशेरी लावायच्या, तांदूळ निवडायच्या आणि भांडायच्या. त्यांच्या भांडणात दम नसायचा, पण आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा.

“माका एक करंजी देवक तुझो जीव जाता, नि पाखरांक लाडू वळतंस!” दुर्गा म्हणायची.

“पाखरा गुपचूप खातत. तुझ्यासारखी बडबडत नाय,” अंबिका म्हणायची.

अंबिकेला जगात हक्काचं असं एकच दार होतं, ते दुर्गाचं. सणाला ती तिथेच जेवायची, आजारी पडली तर पेज तिथूनच यायची. ते दार मिटलं असतं तर तिच्यापाशी गिरणीचा भोंगा आणि मागच्या चिमण्या याखेरीज काही उरलं नसतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं.

छप्पन सालची संक्रांत नुकतीच झाली होती, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर दगड आणि टायर आले, अश्रुधूर आला, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. आमच्या चाळीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहिली. ज्याच्या घरी जे होतं त्यावर त्याने दिवस काढायचे. रेडिओवर बातमी ऐकली त्या संध्याकाळी जयवंत गिरगावात मित्राकडे गेला होता. तो परतला नाही.

पहिल्या रात्री दुर्गा म्हणाली, अडकला असेल. दुसऱ्या दिवशी गिरगावात गोळ्या झाडल्याची बातमी वाऱ्यासारखी आली. कोणी म्हणालं दहा गेले, कोणी म्हणालं पन्नास. भिवा लपतछपत इस्पितळापर्यंत जाऊन आला. नावांची चौकशी करणाऱ्यांची तिथे एवढी गर्दी होती की त्याला आत जाता आलं नाही. तेव्हापासून दुर्गा उंबऱ्यावर बसून राहिली. अन्न नाही, झोप नाही. अंबिका तिच्याजवळ बसायची, तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावायची. ‘जयवंत येईल’ असं ती म्हणायची नाही, गप्प बसायची. तेच बरं होतं. बाकी आम्ही सगळ्या मिळून ‘येईल, येईल’ म्हणून तिचं डोकं उठवत होतो.

आणि याच दिवसांत अंबिकेने पाखरांना घातलं.

माणसांना दाणा मिळेना आणि हिला पाखरं सुचतात, असं पुढे बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं. मला तसं वाटत नाही. गिरणी बंद होती, शेजारीण उंबऱ्यावर दगड होऊन बसली होती. बाईने हाताला काहीतरी काम द्यायचंच ना? तिने नेहमीचं काम दिलं. फक्त त्या दिवशी घरात नेहमीच्या वस्तू नव्हत्या. नाचणी संपली होती. बाजार बंद, त्यामुळे नारळ नाही आणि चोथाही नाही. कोळसा संपल्यावर साठवलेल्या करवंट्या तिने शेगडीत घातल्या होत्या. संक्रांतीचे पांढरे तीळ तिळगुळात गेले होते. डब्यात राहिले होते ते काळे तीळ, भाद्रपदात नवऱ्याच्या श्राद्धाला आणलेले. तेव्हा तिने नुसती कणी शिजवली, त्यात ते काळे तीळ घातले आणि लिंबाएवढे गोळे वळले. टांगायला करवंटी नव्हती म्हणून केळीच्या पानाच्या एका तुकड्यावर ओळीने मांडून ते मागच्या भिंतीवर ठेवले.

पांढऱ्या भाताचे गोळे, त्यात काळे तीळ, खाली केळीचं पान. आपल्याकडच्या कोणालाही विचारा हे काय आहे. लहान पोरसुद्धा सांगेल, पिंड.

अंबिकेच्या डोक्यात ते आलं नाही. इतकी वर्षं ती पाखरांचं खाणं करत होती, तिला त्यात पाखरांचं खाणंच दिसलं.

सकाळी दुर्गाला आम्ही बळेच उठवून तोंड धुवायला नळावर नेलं. मी आणि पहिल्या मजल्यावरची शकू, दोघींनी तिला दंडाला धरलं होतं. तिने चूळ भरली आणि मान वर केली. भिंतीवर गोळ्यांची ओळ होती आणि त्यातल्या टोकाच्या गोळ्यात एक कावळा चोच खुपसत होता.

दुर्गा जे ओरडली ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि ऐकायची इच्छा नाही. सगळी चाळ मागे धावली. चाळीत कोणी मेलं नव्हतं, कोणाचं श्राद्ध नव्हतं. बाहेर राहिलेलं माणूस एकच होतं.

“कोणाचे ह्ये पिंड? कोणी घातल्यान?”

अंबिका पुढे आली. तिच्या हाताला भात चिकटलेला होता. “मी घातलंय गो. पाखरांक.”

“माझ्या झिलाचे पिंड घातलंस? जिवंत असा तो! तुका कोणी सांगितल्यान तो मेलो म्हणान?”

“पिंड न्हय ते! नेहमीचेच गोळे. नाचणो संपलो, नारळ गावलो नाय, म्हणान...”

तिचं बोलणं कोणी ऐकून घेईना. बायका कुजबुजायला लागल्या. मूल नसलेली बाई, नवरा खाल्लेली बाई, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, आणि बोलणाऱ्या बायकांना तीच अंबिका दर पावसाळ्यात सुकटीची चटणी वाटत असे. मला इतका संताप आला की बोलायला शब्द सुचेना. तशी मी एरवी गप्प बसणारी नाही.

दुर्गा मात्र एकाएकी शांत झाली. तिने भिंतीवरचं पान उचललं आणि अंबिकेपुढे धरलं.

“पाखरांचा खाणा म्हणतंस ना? मग खा. माझ्या समोर खावन दाखय.”

 पिंड कोणी खात नाही. तो मेलेल्याचा असतो, जिवंत माणसाने त्याला तोंड लावायचं नसतं. हे भाताचे गोळे असतील तर खायला काय हरकत आहे, आणि पिंड असतील तर हिची छाती होणार नाही, असा दुर्गाचा सरळ हिशोब होता.

अंबिकेने एक गोळा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. कणी गार होऊन घट्ट झाली होती, मीठ नाही, गूळ नाही, घास गिळताना तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पाणी द्यावं असं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. ती खात होती आणि दुर्गाकडे पाहत होती. शेवटी पानावर कावळ्याने टोचलेला गोळा तेवढा उरला. दुर्गाने पान खाली घेतलं नाही. अंबिकेने तोही खाल्ला.

“झाला?” तिने विचारलं.

दुर्गा तिच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी दुपारी तिने पहिल्यांदा पेज घेतली, आणि ती अंबिकेच्या हातून घेतली. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्रकरण इथे मिटलं असतं तर फार बरं झालं असतं.

संचारबंदी सैल झाल्यावर जयवंत चालत घरी आला. मित्राच्या आत्याने त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि रोज तीन वेळा जेवायला घातलं होतं. दुसऱ्याचा सदरा अंगात, गाल भरलेले. आम्ही इथे त्याच्या नावाने रडत होतो आणि हा तिकडे वालाची उसळ खात होता! भिवाने त्याला आधी एक थोबाडीत दिली आणि मग जवळ घेतलं. चाळीत साखर वाटली.

साखर वाटता वाटताच कोणीतरी बोललं. कोण ते मला शोधून काढता आलं नाही. बोललं असं, की मरण जयवंतच्या दारात आलं होतं, म्हणूनच परबिणीच्या हातून नकळत पिंड घडले. ते तिने खाल्ले आणि पोराचं मरण आपल्या अंगावर घेतलं. मी म्हटलं, अहो, तो गिरगावात उसळ खात होता! कोणी लक्ष दिलं नाही. उसळीपेक्षा ही गोष्ट ऐकायला जास्त चांगली होती.

दुर्गाने ती मनापासून खरी धरली. दुसऱ्या दिवशी तिने येऊन अंबिकेचे पाय धरले. अंबिका ओशाळून मागे सरकली. म्हणाली, “याडबिड लागला काय गो तुका?” पण दुर्गा हसली नाही. त्या दिवसापासून ती अंबिकेला ‘बाय’ म्हणून अहो-जाहो करायला लागली. सणाला तिचं ताट घरी पोचतं व्हायला लागलं, आणि ते अगदी भरगच्च असायचं. पंगतीला मात्र तिला बोलावणं येईना. संध्याकाळी दुर्गा पायरीवर बसेना. नळावर अंबिका दिसली की स्वतःची कळशी बाजूला घेऊन तिला आधी भरू द्यायची. अंबिका मुद्दाम कुरापत काढायची, तुझी भांडी माझ्या दारात का, म्हणून आवाज चढवायची. दुर्गा मुकाट्याने भांडी उचलायची. देवळातल्या मूर्तीशी कोणी भांडत नाही.

“माझ्याशी नीट भांडाक सांग तिका,” अंबिका एकदा मला म्हणाली. ती हे हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

पुढच्या थंडीत तिने कणी शिजवली. चोथा होता, नाचणी होती, करवंट्या होत्या. गोळा मळत असतानाच शकू दारात आली. तिच्या धाकट्याला ताप होता.

“बाय, एक गोळो माझ्या पोराच्या नावान खावा.”

अंबिकेने तिला समजावलं, मग रागावून हाकललं. शकू दारातच बसून रडायला लागली, तेव्हा तिने एक गोळा तोंडात टाकला आणि तिची बोळवण केली. पोराचा ताप उतरला. पोरांचे ताप उतरतातच. मग पलीकडच्या चाळीतून बायका यायला लागल्या. कोणाचा नवरा तुरुंगात, कोणाची सून अडलेली. येताना त्या गोळे घरूनच करून आणायच्या, काळे तीळ घातलेले. अंबिकेने करवंट्या टांगणं बंद केलं. तिच्या हातात भात दिसला की कोणीतरी आपलं मरण घेऊन यायचं, मग करणार काय? चिमण्या थोडे दिवस भिंतीवर येऊन बसत, मग दुसरीकडे जायला लागल्या.

सत्तावन्नच्या नोव्हेंबरात मुंबईसाठी लढणाऱ्या समितीची माणसं प्रतापगडावर निदर्शनांना निघाली. आमच्या भागातून ट्रक जायचे होते आणि जयवंत त्यात होता. तिथे कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तो घसा बसवून घेऊन दोन दिवसांनी परत आला. पण ते नंतरचं. निघाला त्या सकाळी, घाटात गोळीबार होणार अशी आवई चाळीत उठलेली होती.

मी नळावर होते. अंबिका आपल्या दारात निखारे फुलवत बसली होती. दुर्गा आली. तिच्या हातात ताट होतं, वर स्वच्छ फडकं. अंबिकेचा चेहरा उजळला, कारण दुर्गा स्वतः तिच्या दारात येऊन किती दिवस झाले होते. “बस गो,” ती म्हणाली आणि पाट पुढे सरकवला.

दुर्गा बसली नाही. तिने फडकं काढलं. ताटात भाताचे गोळे होते, नीट वळलेले, काळ्या तिळांचे.

“जयवंताच्या नावान,” ती म्हणाली.

 अंबिकेने एक गोळा घेतला, मधोमध फोडला आणि अर्धा दुर्गापुढे धरला. “घे. अर्धो तू खा. दोघी खावया.”

दुर्गा झटकन मागे सरली. तिने पदर तोंडाला लावला आणि दोन्ही हातांनी तो तसाच धरून ठेवला.

“म्हंजे हे खाल्ल्यान मराण येता, ह्या तुका खराच वाटता,” अंबिका म्हणाली. “नि तरी माका घेवन इलंस.”

दुर्गाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

“माका एकच झील असा गो,” ती म्हणाली. “तुझ्या मागे कोण असा?”

किती दिवसांनी तिच्या तोंडून ‘गो’ आणि ‘तुझ्या’ आलं होतं.

 अंबिकेने ताट मांडीवर घेतलं आणि एकेक करून सगळे गोळे खाल्ले. माझी कळशी भरून वाहत होती आणि ती बाजूला घ्यायचं मला भान नव्हतं. मला दुर्गाचा राग आला, तो आजही आहे. अंबिकेचा त्याहून जास्त आला. ताट रस्त्यावर भिरकावून द्यायला हवं होतं तिने.

तिने ते नळावर आणून घासलं. रिकामं ताट शेजाऱ्याला परत करायचं नसतं, म्हणून घरात जाऊन त्यात चिमूटभर साखर घातली आणि दुर्गाच्या हातात दिलं. दुर्गाने ते कपाळाला लावून घेतलं. आपल्या दाराशी पोचल्यावर तिने मागे वळून न पाहता ती साखर मोरीच्या तोंडाशी झटकली, ताटावरून पाणी ओतलं आणि ते सुतकातल्या भांड्यासारखं पालथंच बाहेर ठेवून आत गेली. अंबिका अजून दारातच उभी होती.